मशीन जिथे बसतं

लाकडी होडीची पारख करणारे बहुतेक जण पुढच्या नाळेपाशीच थांबतात. नाळेचा उठाव, फळ्यांची जोड, रंगाची पट्टी हे सगळं काठावरून दिसतं आणि त्याचं कौतुकही भरपूर होतं. माझ्या मते होडीतलं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात कमी वाखाणलेलं काम मागच्या बाजूला, मशीनच्या पोटाखाली असतं. दोन लाकडी तुळया, त्यांवर लोखंडी पट्ट्या, पट्ट्यांवर मशीनचे पाय आणि पायांतून खाली उतरलेले बोल्ट. कुणी त्याला फाउंडेशन म्हणतं, कुणी नुसतं बेड. ते चांगलं असेल तर वर्षानुवर्षं कुणाला त्याची आठवणही होत नाही. म्हणूनच ते एकदा सावकाश वाचायला हवं.

मी ज्या होडीबद्दल लिहितो आहे ती दातिवऱ्याची. हे गाव वैतरणा नदीच्या मुखाशी, उत्तर काठावर आहे; दक्षिणेला पाण्यापलीकडे अर्नाळा. इथे उधाणाच्या भरतीला पाणी चार मीटरांहून जास्त चढतं आणि ओहोटीला तितक्याच ओढीने बाहेर पडतं. खाडीच्या तोंडाशी त्या ओढीला छातीवर घेऊन आत शिरायचं, तर मशीनचा सगळा जोर पंख्यापर्यंत जायला हवा आणि पंख्याचा जोर होडीला मिळायला हवा. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. त्या दिवसांत होड्या वर ओढून शाकारून ठेवतात, दुरुस्तीसाठी मशीनवरच्या फळ्या निघतात आणि एरवी तेलकट अंधारात असलेलं हे काम उजेडात येतं.

मी जी होडी समोर ठेवून लिहितो आहे, ती मध्यम आकाराची. वाक, म्हणजे होडीच्या फासळ्या, बाभळीचे; फळ्या सागाच्या. आत सहा सिलिंडरचं लेलँड, साधारण 100 अश्वशक्तीचं, मागे तीनास एकचा गिअर. पण ही होडी या मशीनसाठी बांधलेली नव्हती. तिच्यात आधी दोन सिलिंडरचं, उंच आणि अरुंद मशीन होतं. ते काढून त्याच तुळयांवर हे मोठं मशीन बसवलं आहे. जुन्या सांगाड्यात नवं यंत्र बसवताना जे प्रश्न उभे राहतात, ते सगळे इथे उभे राहिले आणि त्यांची उत्तरं लाकडात आणि लोखंडात स्पष्ट दिसतात.

पहिली खूण तुळईच्या माथ्यावर आहे. सध्याच्या बोल्टांच्या आतल्या अंगाला जुन्या बोल्टांची भोकं दिसतात. ती तशीच उघडी ठेवलेली नाहीत आणि लांबी-पुट्टीने लिंपलेलीही नाहीत. प्रत्येक भोकात सागाची खुंटी ठोकून वरून सपाट केली आहे आणि खुंटीचा धागा तुळईच्या धाग्याला आडवा जाणार नाही अशी ती फिरवून घेतली आहे. उघड्या भोकात पाणी साचतं, आणि पावसाचं गोडं पाणी लाकूड जितक्या लवकर कुजवतं तितकं समुद्राचं खारं पाणी कुजवत नाही. जुनं मशीन गेलं, पण त्याने केलेली जखम नव्या मशीनच्या मुळावर येऊ नये, एवढा विचार त्या खुंटीत आहे.

दुसरी गोष्ट तुळयांच्या लांबीची. शिडाची होडी बांधताना जोर डोलकाठीच्या पायाशी, मध्यावर येणार असं धरलेलं असतं. मशीन मात्र मागे बसतं, जिथे होडी निमुळती होत जाते. वजन, थरथर आणि रेटा हे तिन्ही अशा जागी येतात, जी मुळात त्यासाठी घडवलेलीच नव्हती. 1950 च्या दशकात मासेमारीच्या होड्यांत मशीनं बसवायची सरकारी योजना आली, तेव्हा केरळ आणि मद्रासच्या किनाऱ्यावर बऱ्याच ठिकाणी नव्या धाटणीच्या होड्या आखाव्या लागल्या, कारण तिथल्या ओंडक्याच्या होड्यांत आणि कट्टुमरमांत मशीन बसणं अवघड होतं. आपल्याकडे, मुंबई ते गुजरातच्या पट्ट्यात, मूळच्याच होड्या एवढ्या रुंद आणि भक्कम होत्या की त्यांतच मशीन बसवता आलं. त्या सोयीमागे एक अट होती: मशीनचा भार पुढे पसरवायचा. या होडीतल्या तुळया मशीनच्या लांबीवर संपत नाहीत. त्या पुढे आणखी चार वाकांवर जातात आणि टोकाला निमुळत्या होत विरतात. टोक एकदम तोडलं असतं, तर सगळा ताण त्या एका वाकावर येऊन फळीचा सांधा तिथेच उघडला असता. निमुळत्या टोकामुळे भार हळूहळू उतरतो. प्रत्येक वाकावर तुळईला खाच आहे आणि खाच वाकात खोदलेली नसून तुळईत खोदलेली आहे. बाभळीचा वाक नैसर्गिक बाकाच्या लाकडातून काढतात. त्याचा धागा बाकाबरोबर वळलेला असतो. तो धागा तोडणं म्हणजे वाकाची ताकदच काढून घेणं. सुताराने कापाकापी सरळ धाग्याच्या जाड तुळईवर घेतली आणि वाकाला हात लावला नाही.

आता लोखंडाकडे येऊ. खरी कारागिरी इथे आहे. नव्या मशीनचे मूळ पाय तुळयांच्या बाहेर पडत होते. दोन मार्ग होते. तुळया उपटून लांब सरकवायच्या, म्हणजे प्रत्येक वाकाला नवी भोकं पाडायची आणि जुनी भोकं तशीच वागवायची. किंवा मशीनला नवे पाय करायचे. करणाऱ्याने दुसरा मार्ग घेतला. ब्लॉकच्या मूळ आट्यांवर जाड उभी पाटी बोल्टने पकडली, तिच्या पायथ्याशी आडवी पाटी वेल्ड केली आणि दोघींच्या कोनात दोन त्रिकोणी टेकू घातले. काम चार ओळींत सांगून होतं, पण त्या टेकूंजवळ नजर नेली की करणारा काय जाणत होता ते कळतं.

त्रिकोणाचा आतला कोपरा, जिथे तीन वेल्ड एकत्र आले असते, तिथे छाटलेला आहे. वेल्डच्या गाठीवर गाठ बसली की तिथे ताण अडकतो आणि पहिली चीर तिथूनच फुटते. शिवाय खारं पाणी त्याच बेचक्यात साठतं. छाटलेल्या कोपऱ्यातून पाणी निघून जातं आणि वेल्ड सलग फिरवून बंद करता येतो. त्रिकोणाचं बाहेरचं टोक पाटीच्या कडेपर्यंत आणून एकदम थांबवलेलं नाही, बोटभर आधी ते उतरतं केलं आहे. तुळईच्या निमुळत्या टोकात सुताराने जो विचार केला, तोच इथे वेल्डरने केला. दोघांची हत्यारं वेगळी, पण ताणाला अचानक थांबा मिळता कामा नये, हे दोघांनाही ठाऊक होतं. या पायांच्या पाट्या कारखान्यात सपाट करून आणलेल्या आहेत, त्यांवर कटरच्या बारीक समांतर रेघा अजून दिसतात. बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीचं शेजार या किनाऱ्याला असं उपयोगी पडतं.

या पायांना काय सोसावं लागतं, याचा हिशेब मांडला की त्यांची जाडी का तेवढी आहे ते समजतं. 100 अश्वशक्ती, मिनिटाला 1800 फेरे, म्हणजे मशीनचा पीळ साधारण 40 किलोग्रॅम-मीटर. तीनास एकच्या गिअरमधून शाफ्टवर तो 120 होतो. गिअर मशीनला घट्ट जोडलेला असल्याने उलटा पीळही तेवढाच मशीनच्या पायांवर येतो. डावे आणि उजवे पाय 60 सेंटिमीटर अंतरावर असतील, तर एका बाजूला 200 किलोंचा जादा दाब आणि दुसऱ्या बाजूला 200 किलोंची उचल. मागे जाण्यासाठी गिअर उलटा टाकला की दाबाची बाजू उचलीची होते. म्हणून एका बाजूचे बोल्ट नुसते पकडून ठेवायला आहेत असं म्हणता येत नाही. इथे सगळे बोल्ट तुळईतून आरपार गेले आहेत आणि खाली प्रत्येक नटामागे हाताच्या पंजाएवढी चौकोनी पाटी आहे. लहान वायसर लाकडात रुतत गेला असता आणि बोल्ट दर महिन्याला ढिला झाला असता.

पण पीळ हा या पायांवरचा सगळ्यात महत्त्वाचा भार नाही. मोटारीत आणि होडीत इथे मोठा फरक आहे. आजच्या मोटारीत चाकं रस्त्याला मागे ढकलतात आणि तो रेटा ॲक्सलच्या जोडणीतून थेट सांगाड्याला मिळतो. इंजिनाचे माउंट वजन आणि पीळ सांभाळतात. होडीत पंखा पाण्याला मागे ढकलतो, शाफ्ट पुढे रेटला जातो, तो रेटा गिअरच्या थ्रस्ट बेअरिंगवर येतो, तिथून मशीनच्या पायांवर, पायांतून तुळयांवर, तुळयांतून वाकांवर. होडी पुढे जाते ती या पायांनी ढकलल्यामुळे. जाळं ओढताना किंवा ओढीविरुद्ध जवळजवळ जागच्या जागी झगडताना हा रेटा टनाच्या घरात जातो. तो बोल्टांच्या कातरीवर सोडणं धोक्याचं, कारण भोकात थोडी जरी जागा असेल तर मशीन पुढे-मागे सरकू लागतं. म्हणून या होडीत पुढच्या दोन्ही पायांच्या समोर, पट्टीवर एक लोखंडी ठोकळा वेल्ड केलेला आहे. पाय त्याला टेकून उभा आहे. वरून बघणाऱ्याला तो ठोकळा उरलेला तुकडा वाटेल, पण होडी जिथे ढकलली जाते ती नेमकी जागा तीच. संपूर्ण रचनेतला मला सगळ्यात आवडलेला भाग हाच.

अमेरिकेत जुन्या मोटारींत ताकदीची इंजिनं बसवणाऱ्या हॉट रॉडवाल्यांनाही रेट्याचा हा प्रश्न भेटला होता. त्यांची आवडती गाडी 1932 ची फोर्ड. तिच्यात मूळचंच 221 घन इंचांचं, 65 अश्वशक्तीचं व्ही-8 होतं. पुढे 1955 मध्ये शेव्हरोलेचं 265 घन इंचांचं हलकं व्ही-8 आलं आणि ते या जुन्या सांगाड्यांत बसवायची लाट आली. पण 1948 पर्यंतच्या फोर्डमध्ये ॲक्सलचा रेटा एका बंद नळीतून थेट गिअरबॉक्सच्या पाठीवर येत असे, म्हणजे तिथेही इंजिनाचे माउंट गाडी ढकलत होते. हे न ओळखता कुणी मऊ रबराचे माउंट घातले, तर जोर दिल्यावर इंजिन पुढे सरकून त्याचा वाऱ्याचा पंखा रेडिएटरला घासायचा. जाणत्या लोकांनी एकतर ॲक्सलला वेगळे दांडे देऊन रेटा सांगाड्यावर नेला, नाहीतर माउंट त्या रेट्यासाठी घडवले. समुद्राशी संबंध नसलेल्या त्या गॅरेजांत आणि दातिवऱ्याच्या काठावर प्रश्न एकच: हा रेटा कुठून कुठे जातो?

दोन्हीकडची उत्तरं मात्र वेगळी आहेत आणि ती पडताळून पाहण्यात मजा आहे. जुन्या मोटारीचा सांगाडा खड्ड्यांतून जाताना पिळवटतो, म्हणून तिथे इंजिन तीन ठिकाणी टेकवणं सोयीचं. तिवई कशाही जमिनीवर डुगडुगत नाही, तसं तीन टेकूंवरचं इंजिन सांगाडा पिळला तरी स्वतः पिळलं जात नाही. 1931 मध्ये क्रायस्लरने प्लिमथ गाडीत याहून पुढची युक्ती केली. पुढचा रबरी माउंट उंच, मागचा खाली, आणि दोघांना जोडणारी रेषा इंजिनाच्या गुरुत्वमध्यातून जाईल अशी आखणी. चार सिलिंडरचं इंजिन त्या रेषेभोवती मोकळेपणी थरथरायचं आणि थरथर गाडीपर्यंत पोचायचीच नाही. थरथर थांबवण्यापेक्षा तिला निरुपद्रवी वाट काढून देणं, हा विचार मला फार मोठा वाटतो. पुढच्या वर्षी फ्रान्सच्या सित्रोएनने तीच पद्धत परवान्यावर घेतली.

आमच्या होडीत रबराचा एक तुकडा नाही. सहा पाय, सगळे लोखंडावर लोखंड. हे अज्ञान नाही. रबर दाबलं गेलं की मशीन हलणार, मशीन हललं की शाफ्टची रेषा मोडणार, मग शाफ्ट बेअरिंग खाणार आणि शाफ्ट जिथून होडीबाहेर पडतो त्या ग्लँडमधून पाणी आत येणार. रबर घालायचं तर लवचीक कपलिंग आणि रेट्यासाठी वेगळं बेअरिंगही घालावं लागेल. त्यापेक्षा करणाऱ्याने दोन गोष्टींवर भिस्त ठेवली. एक, सहा सिलिंडरचं सरळ रांगेतलं इंजिन मुळातच तोललेलं असतं. 1800 फेऱ्यांना ते सेकंदाला 90 ठोके देतं, पण ते एकमेकांत मिसळून जातात. जुन्या दोन सिलिंडरच्या मशीनचे 1000 फेऱ्यांना सेकंदाला 17 ठोके मात्र सुटे सुटे, हातोडीसारखे पडायचे. दुसरी गोष्ट लाकूड. सागाची जाड तुळई थरथर स्वतःत जिरवते. रबराचं काम तिथे तुळई करते आणि तरीही रेषा ढळू देत नाही. म्हणूनच फायबरच्या होड्या आल्यावर हे गणित बदललं. फायबरचं कवच पातळ, थरथर लगेच पसरवणारं. तिथे तुळया आणखी लांब घ्याव्या लागतात, फायबरमध्ये मढवाव्या लागतात आणि रबरी माउंटांचा विचारही करावा लागतो. लाकडी होडीचं फाउंडेशन जसंच्या तसं फायबरमध्ये उचलून ठेवणारा माणूस चुकतो. बसवायचं ते सांगाड्याच्या स्वभावाप्रमाणे.

आता रेषेबद्दल. सुतार सुताच्या मापात काम करतो, आठ सूत म्हणजे एक इंच. फिटर थाऊच्या मापात, हजार थाऊ म्हणजे एक इंच. एका सुतात सव्वाशे थाऊ बसतात. होडी सुताच्या मापाने बांधलेली आणि शाफ्टला हवं थाऊचं माप. ही दोन मापं जिथे भेटतात ती जागा म्हणजे मशीनचा पाय. म्हणून पायाला सरकवायची सोय ठेवावी लागते. इथे आडव्या पाटीतली भोकं गोल नसून आडवी लांबट आहेत, त्यामुळे मशीन डावी-उजवीकडे थोडं हलवता येतं. उंचीसाठी पायाखाली पत्रे. या पत्र्यांतही करणाऱ्याची शिस्त दिसते. पातळ पत्र्यांचा जुडगा घातला असता तर तो स्प्रिंगसारखा दबला-उसळला असता. इथे प्रत्येक पायाखाली एक जाड घासलेली पाटी आणि तिच्यावर फार तर एक पातळ पत्रा. रेषा लागल्यावर लांबट भोकावरचा जाड वायसर पाटीला वेल्डचा टाका मारून पक्का केला आहे. सरकण्याची सोय काम होईपर्यंतच ठेवली, काम झाल्यावर काढून घेतली.

रेषा पाहण्याची रीत सोपी सांगता येते आणि करायला चिवट आहे. गिअरचं आणि शाफ्टचं कपलिंग तोंडाशी तोंड आणायचं, बोल्ट न लावता वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशा चार जागी फीलर गेज घालून फट मोजायची. कपलिंगच्या व्यासाच्या प्रत्येक इंचाला एक थाऊ एवढा फरक चालतो. सहा इंचांचं कपलिंग असेल तर वरच्या आणि खालच्या फटीत सहा थाऊ, म्हणजे 0.15 मिलिमीटर. जाड कागदाचं पान जाडीने याच्या जवळपासच असतं. आणि हे सगळं काठावर करून उपयोग नाही. होडी वाळूवर टेकलेली असते तेव्हा तिचा पाठाण, म्हणजे तळाचा कणा, एका तऱ्हेने वाकलेला असतो. पाण्यात गेल्यावर पाणी तिला सगळीकडून उचलतं आणि तो आकार बदलतो. सुकलेल्या फळ्या पाणी पिऊन फुगतात, सांधे आवळतात, होडी पुन्हा थोडी बदलते. म्हणून काठावर रेषा जवळपास लावायची, होडी पाण्यात सोडायची, काही दिवस तिला मुरू द्यायची, टाकीत डिझेल आणि खणात नेहमीचं वजन ठेवायचं आणि मग तरंगत्या होडीत शेवटचे पत्रे बदलायचे. मोटारीच्या गॅरेजात हा प्रश्नच येत नाही. ज्या जमिनीवर सांगाडा उभा आहे ती बदलत नाही. दातिवऱ्याचा फिटर मात्र भरती-ओहोटीवर हलणाऱ्या वस्तूत केसाएवढं माप पकडतो. या कामाची खरी उंची मला तिथे दिसते.

पारख करताना उणंही सांगायला हवं. तुळईवरच्या लोखंडी पट्टीला उतार दिलेला नाही. पट्टीची आतली कड सपाट असल्याने पाणी तिथे थबकतं आणि लाकूड एके ठिकाणी टोकदार खिळ्याने दाबलं की मऊ लागतं. पट्टी बसवताना खाली डांबर किंवा चंद्रुसाचा लेप भरून बाहेरची बाजू सुताभर खाली ठेवली असती, तर हे टळलं असतं. दुसरं, मागच्या डाव्या पायाच्या आतल्या बोल्टाला पाना नीट लागत नाही. गिअर थोडा सैल केल्याशिवाय तो आवळता येत नाही. जो बोल्ट आवळायला त्रास होतो तो कधीच वेळेवर आवळला जात नाही, आणि मागचा बोल्ट तर रेषेच्या सगळ्यात जवळचा. एवढ्या विचारी कामात ही एक गोष्ट नंतर सुचल्यासारखी राहून गेली आहे. पण दोन्ही उणिवा दुरुस्त होण्याजोग्या आहेत. मुळात चूक असती, रेटाच चुकीच्या जागी उतरला असता, तर दुरुस्तीने भागलं नसतं.

या कामाचं मोल मी असं करतो. चांगल्या माउंटची कसोटी ताकद नव्हे. जाड लोखंड कुणीही वापरू शकतो. कसोटी ही की कुठली हालचाल जाऊ द्यायची आणि कुठली अडवायची हे करणाऱ्याने ठरवलं होतं का. इथे थरथर लाकडात जाऊ दिली, रेटा ठोकळ्यावर अडवला, पीळ लांब बोल्टांनी तुळईत नेला, लाकडाच्या फुगण्याला वेळ दिला आणि तो संपल्यावर भोक बंद केलं. प्रत्येक भाराला त्याची वाट आहे आणि कुठलीही वाट दुसरीच्या आड येत नाही.

होडीच्या नोंदणीत मशीनचा नंबर असतो, अश्वशक्ती असते, लांबी-रुंदी असते. मशीन कशावर बसलं आहे आणि ते कुणी बसवलं, याला रकाना नाही. लाकडी होड्या कमी होत आहेत आणि मोडीत जाणाऱ्या होडीचं मशीन विकलं जातं, तुळया सरपणात जातात. त्याआधी त्यांचं माप घ्यायला हवं, आराखडा काढायला हवा, भोकांच्या जागा टिपायला हव्यात. या भागात आयटीआयचा फिटर ट्रेड शिकणारी कितीतरी मुलं आहेत, पुढे त्यातली बरीच तारापूरच्या कारखान्यांत जातात. त्यांना पावसाळ्याच्या बंदीत एकदा फीलर गेज देऊन दातिवऱ्याच्या काठावर आणावं. होडीचं काम करणाऱ्या फिटरने त्यांना कपलिंगची फट मोजायला लावावी, सुताराने वाकाचा धागा दाखवावा. कारखान्यात यंत्र काँक्रीटवर बसतं आणि काँक्रीट हलत नाही. हलणाऱ्या लाकडावर न हलणारी रेषा कशी धरायची, हे शिकवणारी जागा त्यांच्यापासून एसटीच्या अंतरावर आहे, आणि ते शिकवू शकणारे हात आज तिथे काम करत आहेत.